जीवण्णांचा खानदानी ताप

ये गं माधवी, बैस अशी जवळ. कागदावर का होईना, पण बैस. आधी जरा रागावून घेते, मग सांगते. तीन वेळा तुला फोनवर निरोप धाडला आणि तिन्ही वेळा तू मला अंगठ्याचं चित्र पाठवलंस. अगं, म्हाताऱ्या आत्याला अंगठा दाखवतात होय? चौथ्या खेपेला लिहिलंस ते तर त्याहून थोर. ‘आत्या, कसलं रक्त, कसली तपासणी? मला काही झालेलं नाही. फक्त ऑफिसच्या एसीची अॅलर्जी आहे.’ ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हटलं, हिला आता जीवण्णा सांगायलाच हवेत, आणि ते फोनच्या चार ओळींत मावायचे नाहीत. माझी शाळा म्हणजे सासरच्या भजनाच्या वह्या, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

जीवण्णा राव आमच्या समोरच्या घरातले. सकाळी दारात रांगोळीचं कोलम् घालायला वाकले आणि मान वर केली, की पहिली दिसायची त्यांची तपकिरी कानटोपी. इथल्या कुंभकोणमच्या उन्हाळ्यात कावळेसुद्धा नळाखाली बसतात. त्या दिवसांत हा माणूस गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर, वर मफलर, वर ती टोपी, अशा थाटात ओट्यावर बसलेला. नवखा माणूस थबकून बघत राहायचा. जीवण्णांना वाटायचं, हा आपली ओळख करून घ्यायला थांबला. मग ते डोळे किलकिले करून विचारायचे, “आपण कोणाचे कोण?” कसे आहात, कुठून आलात, हे प्रश्न त्यांच्याकडे नव्हतेच. कोणाचे कोण कळलं, की बाकीचं त्यांना आपोआप कळायचं.

नोकरी स्वामीमलैला, मूर्ती ओतायच्या कारखान्यात. लिखापढीचं काम. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर दुसऱ्याला देऊन टाकायचे आणि ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या तापलेल्या झाकणाला पाय लावून बसायचे. लोक म्हणायचे, काय हो परोपकारी! कारखान्यात भट्टी पेटली की ओतणारे सोडून बाकी सगळे बाहेर पळत आणि जीवण्णा वही घेऊन आत जात. तिथले मुख्य मूर्तिकार म्हणायचे, “रावजी, आज धातू कमी पडला तर तुम्हालाच साच्यात ओततो.” जीवण्णा भट्टीकडे पाठ करून, डोळे मिटून म्हणायचे, “ओता. निदान ऊब तरी राहील.”

पुढे पुढे ऐकू कमी यायला लागलं. कारखान्यातल्या छिन्न्यांचा आवाज, दुसरं काय! सगळ्यांनी तेच ठरवलं. ते कागदपत्रांच्या खोलीत, दार लावून बसायचे आणि छिन्नी मारणाऱ्यांचे कान मात्र ठणठणीत होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

पण त्यांचं खरं काम लग्नं जुळवण्याचं. आपली मराठी घरं इथे ती केवढी? चार कुंभकोणमला, दहा तंजावरला, थोडी चेन्नईला. जो तो कुणाचा तरी मेव्हणा. बाहेर तमिळ, घरात ही आमची जुनी मराठी, आणि तुम्ही पुण्याचे लोक ती ऐकून तोंडाला पदर लावता. अशा मूठभर घरांतून वर शोधायचा म्हणजे सात पिढ्या डोक्यात हव्यात. जीवण्णांच्या डोक्यात त्या होत्या. कोणाची पणजी कोणाच्या घरात दिलेली, सगळं तोंडपाठ. आणि ओठांवर एकच मंत्र. मुलगा जरा तिरळा आहे का हो? “त्यांत काहीं नाहीं. एकाच वेळीं दोन्हीकडे लक्ष ठेवतो.” मुलगी बोलताना अडखळते म्हणे? “त्यांत काहीं नाहीं. विचार करून बोलते.” कितीतरी संसार या ‘त्यांत काहीं नाहीं’वर उभे राहिले. तुझ्या आईबापाचासुद्धा. ते पुढे येईल.

आता ताप. जीवण्णांच्या घराण्याला एक ताप होता. वर्षातून पाचसहादा यायचा, मार्गळी महिन्यात, म्हणजे ऐन थंडीत, तर हमखास. तुला ठाऊक आहे, मार्गळीत पहाटे कावेरीवर बुडी मारून, ओल्या वस्त्रानं भजन करत गल्लीतून फिरायची त्यांच्या घरची रीत. सकाळी भजन झालं की संध्याकाळपर्यंत अंगावर तांबडे चट्टे. खाज कमी, जळजळ फार. डोळे लाल, गुडघे, घोटे धरलेले, अंग तापलेलं. एकदोन दिवसांत सगळं ओसरायचं आणि जीवण्णा पुन्हा ओट्यावर.

याची त्यांना लाज? छे! अभिमान! “हा ताप तंजावरच्या राजेसाहेबांच्या फौजेबरोबर दक्षिणेंत आला. ज्यांना नाहीं ते मागाहून आलेले.” त्यांचे वडील, त्यांची आत्या, सगळ्यांना होता. घरात मूल जन्मलं आणि पाळण्यात लाल झालं, की बायका म्हणायच्या, हं, आपलंच आहे.

आणि उपाय? ऐक आणि कपाळाला हात लाव. आपल्याकडे अंगावर लाल काही उठलं, की ते उष्णतेचं. या गावात वाद नाही त्याबद्दल. वैद्य, शेजारीण, रिक्षावाला, सगळ्यांचं एकमत. मग उष्णतेला काय? थंडावा. चंदनाचा लेप, शहाळं, ताक, आणि विहिरीच्या गार पाण्याच्या घागरी डोक्यावरून. पिढ्यान् पिढ्या त्या घरात गारठ्यानं आलेल्या तापावर गारठाच ओतला. मीसुद्धा ओतलाय. जीवण्णा कुडकुडत म्हणायचे, “गोदाक्का, पुरे!” आणि मी म्हणायची, “अजून अंग लाल आहे, बसा गप्प.” त्यांच्या भट्टीला, स्वेटरला, कानटोपीला खरं काय ते ठाऊक होतं. आम्हा शहाण्यांनाच नव्हतं.

एकदा मात्र त्यांची पंचाईत झाली. त्यांनीच जुळवलेलं लग्न, कार्यालय नवं, एसीचं. मुहूर्ताला जीवण्णा जागेवर नाहीत. नवरीचा बाप घाबराघुबरा. शोधून शोधून सापडले कुठे, तर स्वयंपाक्यांच्या मोठ्या चुलीपाशी, रसमच्या हंड्याला टेकून. स्वयंपाकी मला म्हणाला, “अम्मा, यांना तरी उचला, नाहीतर पंगतीत वाढीन.” ओढून नेलं त्यांना बाहेर. जेवणं उरकेपर्यंत मान आणि हात तांबडे झाले. वरपक्षात कुजबुज सुरू. एका बाईनं विचारलंच, “यांच्या घरात हे काय असतं हो?” जीवण्णा ताठ बसून म्हणाले, “त्यांत काहीं नाहीं. खानदानी आहे.”

मग तुळजा आली. त्यांच्या लेकीची मुलगी. बाप दुबईला, म्हणून मायलेकी इथेच राहायच्या. पोरीला पाळण्यातच चट्टे उठले, तेव्हा जीवण्णांनी गल्लीत साखर वाटली. पुढे ती शाळेत जायला लागली, शाळेनं वर्गात एसी बसवला, आणि दर आठवड्याला ताप. टायफॉइड म्हणून औषध झालं, मलेरिया म्हणून झालं, अॅलर्जी म्हणून वांगं बंद, टोमॅटो बंद, शेंगदाणा बंद. पोर नुसत्या दहीभातावर आली आणि तोही गार. ताप काही हटेना. दहाव्या वर्षी बाईंची तक्रार आली, ‘हाक मारली तर बघत नाही. उद्धट आहे.’

उद्धट! ते पोर माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचं मी बोलताना. मला वाटायचं, किती जीव आहे हिचा माझ्यावर. ती ओठ वाचत होती गं.

शेवटी लेकीनं हट्ट धरला आणि सगळी वरात चेन्नईच्या मोठ्या इस्पितळात गेली. लेक, तुळजा, जीवण्णा आणि डबे धरायला मी. डॉक्टरीण तरुण, बारीकशी, तमिळ. तिनं सगळं ऐकून घेतलं. पुरळ किती तास राहतं, ताप कधी येतो, डोळे लाल होतात का, सांधे कोणते दुखतात. मग आजोबांकडे वळून विचारलं, “घरात आणखी कुणाला असं होतं का, तात्ता?”

जीवण्णा स्वेटरात, मफलरात, कानटोपीत बसलेले. म्हणाले, “त्यांत काहीं नाहीं.”

डॉक्टरीण त्यांच्या टोपीकडे बघत राहिली.

मग तिनं तुळजाच्या हातावर बर्फाचा खडा ठेवला, काही मिनिटं. काढला, वाट पाहिली. हात जसाच्या तसा. गांधी नाही, फोड नाही. जीवण्णा खुर्चीवरून उठलेच. “पाहा! बर्फानें काहीं झालें नाहीं! उगीच थंडीला दोष!” डॉक्टरीण हसली. “मला हेच बघायचं होतं, तात्ता. साध्या अॅलर्जीत इथे लगेच गांधी उठली असती. हिला तसं होत नाही. सगळं अंग गार पडलं, की काही तासांनी उठतं.” आणि झालंही तसंच. दिवसभर त्या इस्पितळाच्या एसी लावलेल्या दालनात बसलो आणि संध्याकाळी आजोबा-नात दोघंही तांबडी. डॉक्टरीण धावत आली, दोघांचं रक्त घेतलं, फोटो काढले. “छान उठलंय,” म्हणाली. इतक्या वर्षांत त्या तापाचं असं कौतुक फक्त तिनंच केलं होतं, आणि जीवण्णांनी.

मग रक्त ताप असताना एकदा, ताप नसताना एकदा. अंगातली सूज दाखवणारा आकडा दोन्ही वेळा वर. लघवीची तपासणी. आणि कानाची. एक काचेची खोली असते गं, त्यात पोरीला बसवलं, कानावर ते लावलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर यंत्रावर दिवा लागायचा आवाज सोडला की. जीवण्णा काचेला नाक लावून उभे. पहिले चारपाच दिवे लागले, पोरीनं बटण दाबलं. पुढे आवाज बारीक बारीक होत गेले. दिवा लागला, तिचा अंगठा हलला नाही. पुन्हा लागला, हलला नाही. आणि पोर आत आमच्याकडे बघून हसतेय, कारण तिला वाटतंय आता सगळं थांबलं.

मग जीवण्णांना बसवलं त्याच खोलीत. त्यांचे तर अर्धेअधिक दिवे असेच गेले. डॉक्टरीण म्हणाली, “तात्ता, छिन्नीचा काही दोष नाही. हे याच आजारानं होतं. पिढीजात आहे. अंगात जंतू नसतो, तरी शरीर आपल्याआपण पेटतं. पेटत राहिलं की कान जातात, मूत्रपिंडं जातात. हिचं अजून बरंच वाचवता येईल. पण माझ्यापाशी फक्त तुम्ही दोघं आहात. घराण्याचं झाड काढून आणा. कुणाला होतं, कुणाला नव्हतं, खरं खरं.”

परतीच्या गाडीत आपलं स्टेशन जवळ आलं तेव्हा जीवण्णा म्हणाले, “गोदाक्का, मूर्ती आधीं मेणाची करतात. त्या मेणांत खोट असली, तर धातूंत उतरतेच. ओतणाऱ्याची चूक नव्हे. पण मेण ज्यानें पाहिलें, त्यानें सांगायला नको?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर आले, हातात कारखान्यातला मोठा कागद. मूर्तीचा आराखडा काढतात तसला. डॉक्टरिणीनं शिकवलं होतं तसं, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार असेल तर काळं भरायचं. ते सांगत गेले, मी काढत गेले. अगं, हाच माणूस! साऱ्या जन्मात ज्यानं कुणाचा पोटदुखीचासुद्धा उल्लेख केला नव्हता, त्याच्या तोंडून धबधबा. हे पणजे चाळिशीत बहिरे, भरा. ही आजी मार्गळीत अंथरुणाला खिळायची, भरा. हा काका पायांवर सूज येऊन गेला, भरा. त्यांना सगळं माहीत होतं, माधवी. जितकं लपवलं तितकं नीट लक्षात ठेवलं होतं. तपासणारी कुठलीही बाई इतकं बयाजवार मिळवू शकली नसती. लग्नं जुळवणाऱ्यानं झाकलेलंच ते सगळं. उघडलं तेव्हा एक डाग पुसला गेलेला नव्हता.

त्यांच्या सख्ख्या आत्याच्या फांदीवर आलो. आत्या, भरा. आत्याचा मुलगा, भरा. मग त्याच्या लेकीचं वर्तुळ. माझा हात थांबला. ते वर्तुळ तुझ्या आईचं होतं.

जीवण्णांनी टोपी कानावरून वर केली. “गोदाक्का, तुमच्या भावासाठीं तिला पाहायला गेलों, तेव्हां तिच्या हातावर पुरळ होतें. तुमच्या आईनें विचारलें. मीं काय म्हणालों, आठवतें?”

आठवत होतं. मी तिथेच बसले होते, केळी सोलत.

“त्यांत होतें, अक्का,” ते म्हणाले. “मज ठाऊक होतें.”

रागाची उबळ आली, नाही म्हणत नाही. वहिनी फ्रिजसमोर उभी राहायची नाही, पुण्याच्या थंडीत दोन दोन मोजे घालायची, आणि मी तिला नाजूक म्हणून हसायची. शेवटी मूत्रपिंडं जाऊन वारली, तेव्हा डॉक्टर म्हणाले साखरेनं असेल; आणि साखर तर तिला कधी नव्हतीच. समोर बघते, तर म्हातारा हात पुढे करून बसलेला, जणू मी छडी मारणार आहे. आत गेले, काफी केली, चांगली कढत, आणि त्या हातात दिली. मग वर्तुळ भरलं. त्याच्याखाली एक बारकं वर्तुळ काढलं. ते रिकामं ठेवलं. ते तुझं.

त्या कागदाची बातमी दोन दिवसांत पट्टीश्वरम्‌पासून तंजावरपर्यंत. आपल्यातले एक मोठे गृहस्थ, नाव कशाला घेऊ, धापा टाकत आले. हलक्या आवाजात म्हणाले, “जीवण्णा, तो कागद फाडा. माझ्या दोन नाती लग्नाच्या आहेत.”

जीवण्णांनी कानाला हात लावला. “काय म्हणालां?”

“कागद... नातींचं लग्न...”

“ऐकूं येत नाहीं हो. जरा मोठ्यानें. भर रस्त्यांत उभे राहून बोला, मजा येईल.”

ते गृहस्थ ओट्याखाली उतरले, गल्लीकडे बघितलं, आणि चपला हातात घेऊन निघून गेले. जीवण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “बहिरेपण आज पहिल्यांदा उपयोगी पडलें.” पण त्यानंतर त्यांच्याकडे एकही पत्रिका आली नाही. ठरत आलेली दोन लग्नंही मोडली. ज्या माणसाच्या ओट्यावर रविवारी बसायला जागा नसायची, तिथे मांजर झोपायला लागली. गंमत बघ, खोटं बोलत होते तोवर शब्दाला मान होता.

एक मात्र झालं. त्या गृहस्थांची सून महिन्याभरानं मागच्या दारानं आली. धाकट्या मुलीचे डोळे लाल होतात म्हणाली. मी तिला कागदावरचे तिच्या घरचे चौकोन आणि वर्तुळं दाखवली आणि डॉक्टरिणीचा पत्ता दिला.

पिढीजात दोष शोधायला तिघांचं रक्त पाठवलं होतं, त्याचा अहवाल आला. त्यात अक्षरं आणि आकडे मिसळलेलं एक लांबलचक नाव होतं; जीवण्णांनी ते तीनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, “राजेसाहेबांचें नांव कुठें आहे?” तुळजात दोष होता, तिच्या आईत होता, तिला त्रास बेताचा एवढंच, आणि जीवण्णांत होता. पण एकाला आहे म्हणून सगळ्यांना असं नाही. डॉक्टरीण म्हणाली, आईबापांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. आलाही असेल, नसेलही. रक्तच सांगतं.

पोरीसाठी इस्पितळानं धडपड करून परदेशी इंजेक्शन मिळवलं. पहिल्या काही दिवसांतच चट्टे गेले, ताप गेला. गेलेलं ऐकू परत आलं नाही, पण होतं तिथे थांबलं. कानात यंत्र बसवलं. शाळेतून धावत येऊन मला म्हणाली, “आजी, तुझ्या दाराची कडी कुरकुरते!” मी काय सांगू, बारा वर्षं कुरकुरतेय ती. त्या दिवशी मी तिला तेल घातलं नाही. मुद्दाम.

जीवण्णांची तपासणी मात्र उशिरा झाली. लघवीतून जे जायला नको ते जात होतं. पाय सुजले. पुन्हा चेन्नईला बोलावलं. त्यांना बसमध्ये बसवायला मी आणि तुळजा स्टँडवर गेलो होतो. लेक त्यांच्याबरोबर जात होती. मार्गळी महिना, हवेत गारवा. तुळजाच्या हातात लाल बर्फाची कांडी. भर थंडीत! ती कडकन चावायची, आणि बसमध्ये इंजिनाच्या झाकणाशी बसलेले जीवण्णा तिच्या वाटणीचे शहारून टोपी आणखी खाली ओढायचे. पुन्हा चावायची, पुन्हा शहारायचे. पण नजर काढेनात. घडून झालेल्या मूर्तीचे डोळे कोरून उघडतात ना कारखान्यात, त्या वेळी लोक बघतात, तसे बघत होते. पोरीची जीभ लाल, ओठ लाल, हात मात्र स्वच्छ.

बस हलली. ते उठले, झोकांड्या खात खिडकीपाशी आले आणि दोन्ही हातांनी तिची काच वर सारली. जन्मात पहिल्यांदाच असेल. वारा आत शिरला, मफलर उडाला. बहिरी माणसं ओरडतात तसं सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, “गोदाक्का! तें धाकटें वर्तुळ रिकामें आहे! त्या पोरीला बोलवा!”

नंतर ते चेन्नईहून आले ते बोलण्यासारखे आले नाहीत, आणि थोड्याच दिवसांत गेले. मला मात्र ते तसेच दिसतात, टोपी तिरकी झालेली, गारठ्यात तोंड बाहेर काढलेलं.

कागद माझ्याकडे आहे, देवघराच्या फडताळात गुंडाळून. तुझ्या एसीच्या अॅलर्जीला मी काही म्हणत नाही, बाई. नसेलही काही. नसलं, तर तुझं वर्तुळ मी तसंच पांढरं ठेवीन आणि आपण दोघी हलवा करू. पण ते तुला आणि मला तोंडानं ठरवता येणार नाही; तो धंदा जीवण्णांनी बंद केलाय. चमचाभर रक्त द्यायचंय फक्त. डॉक्टरिणीला मी सांगून ठेवलंय. तर आता अंगठा पाठवू नकोस, तिकीट काढ. येताना रेल्वेत एसीचा डबा घेऊ नकोस, आणि घेतलासच तर शाल आण. स्टेशनवर तुळजा घ्यायला येईल. लवकर ये गं.